घर पाहावे घेऊन

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्यांच्या वाडवडिलांना गावकुसाच्या आत पाय टाकण्याचीच मुभा नव्हती, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून ही म्हण झालेली नाही हे उघड आहे. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपली माणसेही घर घेऊन पाहू लागली आहेत. शिक्षक, कारकून, परिचारिका, रेल्वेतले फिटर, बेस्टचे वाहक अशा नोकरदारांच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीने मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः कल्याणच्या पुढे, आपले नाव दारावर लावले आहे. ही घरे त्यांनी कशी निवडली, हा प्रश्न मात्र आपल्या चर्चांत फारसा येत नाही. परिसंवाद होतात ते अस्मितेवर. घराचा हप्ता हा जणू ज्याचा त्याचा खासगी प्रश्न.

मलाही तसेच वाटत होते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या भाच्याच्या इमारतीवर नोटीस लागली. इमारत बेकायदेशीर, रहिवाशांनी ती रिकामी करावी, असा तिचा आशय. ते घर घे, असे त्याला मीच सांगितले होते. मी महापालिकेच्या शाळेतला निवृत्त शिक्षक. नात्यातले, चाळीतले, माजी विद्यार्थी घर पाहायला निघाले की, ‘सर, तुम्ही बरोबर चला’ म्हणत. अशी पंचवीस-तीस घरे तरी मी लोकांबरोबर पाहिली असतील. त्या अनुभवातून आणि त्या चुकीतून जे कळले ते येथे मांडतो आहे.

(१)

आमचे घर वरळीच्या बी.डी.डी. चाळीत होते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथल्या या चाळी १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर, सामाईक. आम्ही सातजण होतो. मी लग्न केले तेव्हा खोलीत पडदा लावला. थोरल्या भावाचा पडदा आधीपासून होताच. तिसरा पडदा लावायला जागा उरली नाही, तेव्हा बाहेर पडणे भाग झाले. आमच्यासारख्यांचा घराचा शोध अशा अडचणीतून सुरू होतो, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. जाहिरातीतले कुटुंब ‘स्वप्नातले घर’ शोधत असते. आमची माणसे पडद्यातून सुटका शोधत असतात. आणि सुटका शोधणारा माणूस घाईत असतो.

मुंबईत भाड्याने राहण्याचा मार्ग फार पूर्वीच अरुंद झाला होता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली; ज्यांच्याकडे खोली होती त्यांचे रक्षण झाले, पण भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्यात कोणाला रस राहिला नाही. जुनी खोली मिळायची तर पागडी द्यावी लागे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या कुटुंबांची मिळकत तुटली. मग उरली ती रेल्वे. मध्य रेल्वेच्या नकाशावर बोट ठेवून माणूस पुढे पुढे सरकतो. मुंबईच्या टर्मिनसपासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. जिथे पगार आणि किंमत यांची गाठ पडते त्या स्थानकावर बोट थांबते. ‘आम्ही बदलापूर निवडले’ असे लोक म्हणतात. वास्तविक त्यांनी दादर, कुर्ला, मुलुंड, ठाणे आणि डोंबिवली एकामागून एक वजा केलेले असते. बाकी जे राहते त्याला आपण निवड हे नाव देतो.

(२)

आता पैशाचे पाहू. घर घेणारा माणूस घराची किंमत पाहत नाही, हप्ता पाहतो. विक्री करणाऱ्यालाही हे ठाऊक असते, म्हणून तो किंमत बारीक अक्षरांत आणि हप्ता ठळक अक्षरांत सांगतो.

एक साधा हिशेब करू. २० लाख रुपयांचे कर्ज, व्याज दरसाल ९ टक्के, मुदत २० वर्षे. हप्ता येतो सुमारे १८,००० रुपये. पहिल्या हप्त्यातले १५,००० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ते जेमतेम ३,००० रुपयांचे. वीस वर्षांत एकूण परतफेड होते सुमारे ४३ लाख १९ हजार. हप्ता जड वाटतो म्हटल्यावर ‘मुदत तीस वर्षे करू’ असा सल्ला मिळतो. तीस वर्षांत हप्ता सुमारे १६,१०० वर येतो, म्हणजे महिन्याला १,९०० रुपये वाचतात. पण एकूण परतफेड जवळजवळ ५८ लाखांवर जाते. महिन्याच्या एकोणीसशे रुपयांसाठी आपण पावणेपंधरा लाख जास्त देतो. हे गणित सातवीतला मुलगा समजू शकतो. मात्र विक्री कार्यालयातल्या थंड हवेत, समोर चहा आणि शेजारी बायकोमुले असताना, गणिताचा शिक्षकही ते करत नाही. मीही केले नव्हते.

जातीचा शिरकाव खरे तर इथेच होतो, आणि तो कोणाला दिसत नाही. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. उरलेले दहा टक्के, त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी, संस्थेचा आगाऊ खर्च, वीजमीटर हे सारे स्वतःच्या खिशातून रोख उभे करावे लागते. ज्यांच्या घरी गावाकडे जमीन आहे ते एक तुकडा विकतात. ज्यांच्या वडिलांनी एकदा घर घेतले ते जुने घर विकून मोठे घेतात. आमच्या वडिलांनी गिरणीत तीस वर्षे काढली आणि मागे ठेवली ती पगडी, काठी आणि एक ट्रंक. आम्ही भविष्यनिर्वाह निधी काढतो, भिशी उचलतो, आईच्या गळ्यातले सोडवतो. दोघांचा पगार एक, पद एक, इयत्ता एक. पण एकाच्या मागे तीन पिढ्यांची मालमत्ता आणि दुसऱ्याच्या मागे तीन पिढ्यांची मजुरी. समान वेतन मिळाले म्हणून समान घर मिळत नाही, ते यामुळे. ज्याच्याकडे रोख कमी आहे तो साहजिकच ‘थोडे थोडे द्या, चालेल’ म्हणणाऱ्या बांधकामदाराकडे ओढला जातो. हा धागा लक्षात ठेवावा. पुढे त्याची गाठ बसणार आहे.

(३)

१९९३ साली मी पहिले घर पाहिले ते कल्याणच्या अलीकडच्या एका उपनगरात. दहा वर्षांची इमारत, नोंदलेली सहकारी संस्था, पाणी दोन वेळ, स्थानकापासून चालत बारा मिनिटे. विकणारे गृहस्थ सभ्य होते. किंमत ठरली. ‘रविवारी अध्यक्षांना भेटून घ्या, औपचारिकता आहे,’ असे ते म्हणाले.

अध्यक्षांनी चहा दिला. ‘आपलं आडनाव?’ मी सांगितले. माझे आडनाव गावावरून पडलेले आहे. त्यावरून चटकन काही कळत नाही. ‘मूळ गाव?’ तेही सांगितले. ‘तिथे आमचे बरेच ओळखीचे आहेत. कोणत्या आळीत घर?’ मी म्हणालो, गावात घर असे राहिले नाही. ते थोडे थांबले. ‘गणपती बसवता का घरी?’ मी नाही म्हणालो. ‘बरं, बरं,’ ते म्हणाले, आणि मग पावसाबद्दल बोलले.

चार दिवसांनी निरोप आला, घरच्यांचा विचार बदलला, विकायचे नाही. दोन महिन्यांनी दलाल स्थानकावर भेटला. घर विकले गेले होते, आणि ते मी कबूल केलेल्या किमतीपेक्षा दहा हजार रुपये कमी घेऊन. १९९३ चे दहा हजार. अर्थशास्त्राचे पुस्तक सांगते की विकणारा जास्त किंमत देणाऱ्याला विकतो. येथे एका सभ्य माणसाने मला टाळण्यासाठी स्वतःच्या खिशातून दहा हजार मोजले होते. कोणी जातीचा उच्चारसुद्धा केला नव्हता.

मग मी बदलापूरला घर घेतले. इमारत नवी होती, निम्मी रिकामी होती. तिथे माझी जात कोणी विचारली नाही. त्या वेळी मला ते पुरोगामित्व वाटले. पुढे इतरांबरोबर हिंडताना उलगडा झाला. ज्या इमारतीत घरे विकायची शिल्लक असतात तिथे जात विचारणे परवडत नाही. इमारत भरली, संस्था झाली, फेरविक्री सुरू झाली की प्रश्न सुरू होतात. म्हणजे असे की, जी इमारत पावसाळे काढून सिद्ध झाली आहे, जिचे पाणी, गळती, हिशेब, कागद सारे पाहता येते, तिथे आमची चौकशी होते. आणि जी अजून उभीच राहायची आहे, जिचे काहीच पाहता येत नाही, तिथे आमचे स्वागत होते. जुन्या इमारतीत अपमानाची भीती आणि नव्या इमारतीत फसवणुकीची भीती. माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांनी अपमान टाळला आणि जोखीम घेतली. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. मीही तेच केले.

हा केवळ माझा अनुभव म्हणून कोणी बाजूला सारू नये. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या उपनगरांत भाड्याच्या घरांविषयी एक पाहणी केली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच प्रकारच्या घरासाठी उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम नावांनी विचारणा करण्यात आली. नाव बदलताच उत्तर बदलत होते. कुठे सरळ नकार, कुठे वाढीव अटी. २००१ च्या जनगणनेच्या आधारे देशातल्या सात महानगरांचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात माणसे शहरात कुठे राहतात याची विभागणी आर्थिक स्तरापेक्षा जातीने अधिक होते असे दिसले. शहरात जात विरघळते असे आपण समजतो. ती पिनकोडात जाऊन बसते.

(४)

पण सगळी विभागणी दुसरेच करतात असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही आपण स्वतः करतो. दलाल ‘तिकडे एक चांगली जागा आहे’ म्हणतो तेव्हा आपला पहिला प्रश्न असतो, ‘आपली माणसं आहेत का तिथे?’ या प्रश्नात भीती आहे, तसे शहाणपणही आहे. रात्री-अपरात्री दार वाजवायचे तर कोणाचे? १४ एप्रिलला मुलांना घेऊन कुठे जायचे? मयत झाली तर खांदा कोण देणार? ज्या समाजाने शेकडो वर्षे शेजाराकडून मारच खाल्ला, त्याने शेजार आधी पाहिला तर नवल नाही.

याच्या उलट दुसरा एक गट आहे. तो मुद्दाम आपली वस्ती टाळतो. ‘मुलांवर संस्कार वेगळे हवेत’ म्हणतो. आडनाव आखडते घेतो. विक्री कार्यालयात वास्तुशास्त्र विचारतो. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला एक गृहस्थ स्वयंपाकघर आग्नेयेला आहे ना, हे होकायंत्र लावून पाहत होता. मी डोळ्यांनी पाहिले आहे. मला त्याचे हसू आले, पण फार वेळ टिकले नाही. कारण बदलापूरच्या घरात पहिली तीन वर्षे बाबासाहेबांचा फोटो आम्ही आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला लावला होता. तसे ठरवले मीच. एका १४ एप्रिलला माझ्या पत्नीने स्टुलावर चढून तो बाहेरच्या खोलीत, दारासमोर लावला. मी म्हणालो, ‘अगं, लोक येतात-जातात.’ ती म्हणाली, ‘येऊ द्या की. घराचा हप्ता लोक भरतात का?’ समोरच्यांनी त्यानंतर वर्षभर साखर मागितली नाही. नंतर मागू लागल्या.

बाबासाहेबांना स्वतःला घराच्या शोधाने किती छळले ते आपण विसरता कामा नये. कोलंबिया आणि लंडनहून आलेल्या या विद्वानाला १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून ते पारशी सरायीत राहिले. तिथून लाठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढले. दोन मित्रांकडे आसरा मागितला. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि मुंबईची गाडी धरली. पुढे परळच्या चाळीतून त्यांनी १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांसाठी, आणि बांधले ते ऐन हिंदू कॉलनीत. लपून राहण्याचे दुःख भोगलेल्या माणसाने उघड राहण्याची जागा निवडली. आपल्या घराच्या निर्णयामागे हे दोन्ही प्रसंग उभे असतात, आपण ओळखले वा न ओळखले तरी.

(५)

आता भाच्याची गोष्ट. २०१६ साली तो म्हणाला, ‘मामा, दोन जागा पाहिल्यात. तुम्ही सांगाल ती घेतो.’ पहिली जागा जुन्या संस्थेतली, महाग. अध्यक्ष मुलाखत घेणार होते. दुसरी शहराच्या कडेच्या एका गावाच्या हद्दीत. किंमत तिसऱ्या हिश्शाने कमी. निम्मी रक्कम आता, उरलेली तीन वर्षांत. इमारतीतल्या चोवीस घरांपैकी पंधरा आपल्या लोकांची. खाली बुद्धविहाराला जागा देऊ, असे बांधकामदाराने कबूल केले होते. मला १९९३ मधला चहा आठवला. मी म्हणालो, ‘आपली माणसं आहेत, इथेच घे.’

कागद मी पाहिले. ग्रामपंचायतीचा दाखला होता, घरपट्टीची पावती होती, वीजमीटर होते, नोटरीसमोरचा करार होता. एवढे कागद पाहून माझे समाधान झाले. ज्या कागदांनी समाधान व्हायला हवे होते त्यांतला एकही तिथे नव्हता, हे मला कळले नाही. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर ठरत नाही. बेकायदेशीर बांधकामावरही कर आकारला जातो. वीजमीटर ही विजेची नोंद आहे, इमारतीची नव्हे. नोटरीचा शिक्का म्हणजे खरेदीखताची नोंदणी नव्हे. आणि पंधरा आपली माणसे म्हणजे पंधरा पुरावे नव्हेत. पहिल्याने चौकशी केली असेल असे दुसऱ्याने धरले, दोघांनी केली असेल असे तिसऱ्याने, आणि पंधराव्याच्या मामाने पंधराही जणांवर विश्वास ठेवला. कागद कोणीच वाचला नव्हता. विश्वास हे आपल्या समाजाचे मोठे बळ आहे. बांधकामदाराने त्याचा जाहिरातीसारखा उपयोग करून घेतला.

अशा इमारती का उभ्या राहतात तेही समजून घ्यावे. कल्याण-डोंबिवलीच्या कडेची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. जिथे कारभारी असे बदलत राहतात तिथे परवानगी कोणाची आणि जबाबदारी कोणाची हे धूसर होते; त्या धुक्यात मजले चढतात. ठाण्याजवळ शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी अशीच एक घाईने उभी केलेली बेकायदेशीर इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. आणि केवळ कडेच्या गावांतच हे घडते असे नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींच्या बाबतीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ‘महारेरा’ची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथल्या लोकांनी नोंदणी क्रमांक पाहिला होता. तरी ते फसले.

पाण्याचेही असेच. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. २०१९ च्या जुलैमध्ये तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली. कोणत्या शेतात पाणी भरते हे जुन्या गावकऱ्यांना आजोबांपासून ठाऊक असते. पण ही माहिती मिळते ती ओट्यावर बसून, आणि ज्याला ओट्यावर बसवत नाहीत त्याला ती मिळत नाही. मग भाताच्या खाचरावर भराव घालून उभी केलेली इमारत त्याला ‘नदीकाठची मोकळी हवा’ म्हणून विकली जाते.

(६)

मग घर घेणाऱ्याने करावे काय? मला जे उमगले ते क्रमाने सांगतो. आपला क्रम असतो हप्ता, स्थानक, शेजार आणि शेवटी कागद. तो उलटा केला पाहिजे. कागद आधी.

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, आणि इमारत पुरी झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, हे पाच कागद मागावेत. बांधकामदाराने दिलेल्या प्रतीवर थांबू नये. ज्या कार्यालयाने कागद दिला त्या कार्यालयात जाऊन, गरज पडल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करून, तो खरा आहे का हे पाहावे. ६५ इमारतींचा धडा हाच आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने आणि २०१७ पासून सुरू झालेल्या ‘महारेरा’ने खरेदीदाराला काही हक्क दिले आहेत. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. विक्री चटई क्षेत्रावर झाली पाहिजे. जिन्याचा, गच्चीचा वाटा मिसळून फुगवलेल्या क्षेत्रफळावर नव्हे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बांधकामदाराने विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. हे हक्क नोंदणीकृत प्रकल्पातच मिळतात. आठांहून अधिक सदनिका असलेली नवी इमारत नोंदणीशिवाय विकली जात असेल तर तिथून उठून यावे.

दुसरे, बायकांना बरोबर न्यावे, आणि त्यांना नमुना सदनिकेत न बसवता शेजारच्या इमारतीत पाठवावे. माझी पत्नी दलालाशी बोलतच नसे. ती नळावरच्या बाईला विचारी, ‘पाणी किती वाजता येतं? मे महिन्यात टँकर लागतो का? रात्री साडेदहाच्या गाडीने मुलगी आली तर रस्त्यावर दिवा असतो का?’ तिला दहा मिनिटांत जे कळे ते मला माहितीपत्रकाच्या चोवीस पानांत सापडत नसे. घर एकदा पावसात, एकदा रात्री आणि एकदा सकाळी आठच्या गर्दीत पाहावे.

तिसरे, नकार मिळाला तर तो गिळू नये. १९९३ मध्ये मला जे ठाऊक नव्हते ते आज प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, कोणत्याही वस्तीत निवासी जागा मिळवणे, बांधणे वा तिथे राहणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून निर्बंध लादणे हा गुन्हा आहे. कलम १२ तर असे सांगते की या कायद्याखालील गुन्ह्याचे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्याची. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ मध्ये खुल्या सभासदत्वाचे तत्त्व आहे; पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका विकायला संस्थेच्या ना-हरकत दाखल्याची सक्ती नाही. म्हणजे रविवारच्या त्या चहाला कायद्यात काही स्थान नव्हते. मी उगाच कपडे इस्त्री करून गेलो होतो.

कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, केवळ आपल्याच समाजाला सभासदत्व देण्याचा तिचा उपविधी वैध ठरवला. अल्पसंख्य समाजाला एकत्र राहावेसे वाटणे समजू शकते. पण तोच युक्तिवाद उद्या प्रत्येक जातीने उचलला तर शहर म्हणजे लिफ्ट बसवलेले गाव होईल. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी राखीव घरे असतात. तिथे अध्यक्षांची मुलाखत नसते. हा रस्ता आपली मुले पुरेसा वापरत नाहीत; अर्ज भरण्याचा कंटाळा करतात. तोही कंटाळा सोडला पाहिजे.

(७)

माझा मुख्य मुद्दा एवढाच आहे. घर घेणारा माणूस एकटा बसून, सगळी माहिती समोर मांडून निर्णय घेतो असे मानणे चूक आहे. तो घाईत असतो, उसनवारीत असतो, आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्याचे ऐकतो. सवर्ण खरेदीदाराच्या विश्वासाच्या वर्तुळात एखादा वकील मेव्हणा, बँकेतला मामा, नगररचना खात्यातला शेजारी असतो. आमच्या वर्तुळात शाळामास्तर असतो. दोघेही विश्वासानेच चालतात. फरक वर्तुळातल्या ज्ञानाचा आहे.

आणि आता ते ज्ञान आपल्यातही आलेले आहे. आपल्या मुलामुलींत वकील आहेत, स्थापत्य अभियंते आहेत, तलाठी आहेत, बँकेत अधिकारी आहेत. त्यांची गाठ समाजाशी पडते ती वर्षातून दोनदा, जयंतीला आणि महापरिनिर्वाणदिनाला. मला वाटते, प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार वंदनेनंतर कागद वाचण्यासाठी राखून ठेवावा. ज्याला घर घ्यायचे आहे त्याने कागद आणावेत, जाणकारांनी सर्वांसमोर मोठ्याने वाचावेत. कोणत्या संस्थेत कोणाला कशा रीतीने नाकारले त्याची एक वही ठेवावी; एकाचा नकार योगायोग म्हणून सुटतो, वहीतले वीस नकार सुटत नाहीत.

भाच्याच्या इमारतीचे प्रकरण न्यायालयात आहे. विहाराची जागा अजून रिकामीच आहे. तिथे मोटारसायकली लावतात. भाचा मला काही बोलला नाही. नोटीस लागली त्या दिवशी मी अक्काकडे गेलो. तिने पाणी दिले, थोडा वेळ बसली, आणि म्हणाली, ‘तू तर मास्तर ना रे? तुला वाचता येत होतं.’

येत्या रविवारपासून आमच्या विहारात कागद वाचायला मी बसणार आहे. ज्यांना यायचे त्यांनी यावे. मूळ प्रती आणाव्यात.